गोळा टाकलात का?

निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी माझ्या उजव्या हाताला एका वस्तूचं वजन अजून आठवतं. मुठीत मावेल न मावेल असा धातूचा गोळा, त्यावर दोन स्टेशनांची नावं कोरलेली. तो चामड्याच्या पिशवीत असायचा आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. पुस्तकात त्याला टोकन म्हणत, आम्ही गोळा म्हणायचो.

ज्यांनी एकेरी लाइन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, आणि ती यंत्रं तारेने एकमेकांना जोडलेली. इकडच्या मास्तरने पुढच्या मास्तरकडून लाइन क्लिअर घेतली की यंत्रातून एक गोळा निघायचा. तो दोन्हींपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे, कितीही डोकं आपटा. म्हणजे तो गोळा माझ्या इंजिनात आहे याचा अर्थ एकच, पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ माझा. अंधार असो, पाऊस असो, वळणापलीकडे काही दिसत नसो, समोरून गाडी येणार नाही.

1986 साली मी दौंडला डिझेल असिस्टंट म्हणून लागलो. दौंड-मनमाड ही 1878 सालची लाइन, मी लागलो तेव्हा बहुतेक एकेरीच. थांबा नसलेल्या स्टेशनातून गाडी न थांबता जायची तेव्हा गोळ्याची देवाणघेवाण चालत्या इंजिनातून व्हायची. पोर्टर प्लॅटफॉर्मवर मशाल घेऊन उभा. आपण दाराच्या दांड्याला एका हाताने धरून बाहेर वाकायचं, मागच्या सेक्शनचं कडं टाकायचं आणि पुढच्या सेक्शनचं कडं दंडात अडकवून घ्यायचं. दंडावर वळ उठायचे. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा ते वळ पाहून घाबरली होती.

एकदा मी चुकलो. कोपरगावच्या पुढचं एक छोटं स्टेशन, रात्रीचे दोन-अडीच. नवा गोळा मी झेलला, पण जुना टाकायला एक क्षण उशीर झाला. कडं प्लॅटफॉर्म सोडून कुंपणापलीकडे उसात गेलं. उस्तादांनी, म्हणजे माझ्या ड्रायव्हरने, मागे वळून पाहिलं आणि गाडी उभी केली. मग मी, पोर्टर आणि एक गँगमन असे तिघं कंदील आणि टॉर्च घेऊन कमरेएवढ्या उसात. पाऊण तास. तोवर मागच्या स्टेशनात एक मालगाडी तोंड वर करून उभी, कारण तो गोळा यंत्रात पडल्याशिवाय तिला सेक्शन मिळणार नव्हता. गोळा सापडला तो शेताच्या पाटात, चिखलात.

उस्ताद रागावले नाहीत. इंजिनात चढल्यावर एवढंच म्हणाले, “सेक्शन चालू आहे तोवर जिवापेक्षा जपायचा. सेक्शन संपला की टाकायचा. पुढे घेऊन गेलास तर तुझ्या कामाचा नाही आणि मागच्याची वाट अडते.” ते नमाजी होते, मी ख्रिस्ती. ते वाक्य धर्माबद्दल नव्हतं, नोकरीबद्दल होतं. मला ते प्रवचन म्हणून ऐकू यायला सतरा-अठरा वर्षं लागली.

आमचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं. आजोबांच्या वेळी अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेमुळे घरात अक्षरं आली आणि त्याच वाटेने प्रभूचं नावही. वडील रेल्वेत चावीवाले होते. पहाटे खांद्यावर हातोडा, हातात पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि गाडीला इशारा द्यायचे फटाके घेऊन निघायचे आणि आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचे. सैल झालेली चावी ठोकायची, निघालेली बसवायची, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. आमच्या लोकांचं आणि रेल्वेचं नातं जुनं, असं ते कौतुकाने सांगत. रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी साहेबाकडून, आणि 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, हा त्यांचा आवडता दाखला. जणू ती गाडी वडिलांनीच पास केली होती.

मी ड्रायव्हर झालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तू ज्या रुळावरून जातोस त्यावरून सकाळी कुणीतरी चालून गेलेलं असतं, हे विसरू नको.” मी ते विसरलो नाही. पण लक्षात ठेवूनही माणूस चुकतो तो दोन बाजूंनी चुकतो, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या चुका 2005 या एकाच वर्षात झाल्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बायको म्हणाली, छातीत गाठ लागते आहे, हरभऱ्याएवढी. दुखत नाही. मी म्हणालो, प्रार्थना करू, प्रभू बघून घेईल. आम्ही रोज रात्री प्रार्थना केली. खरं सांगायचं तर मला डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला मी विश्वासाचा झगा घातला होता. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. उपासनेनंतर मंडळीतल्या एका निवृत्त सिस्टरबाईंशी बायको सहज बोलली. त्यांनी मला चर्चच्या पायरीवरच थांबवलं. म्हणाल्या, “सिग्नल लाल असताना तुम्ही प्रार्थना करत पुढे जाता का हो?” मला उत्तर देता आलं नाही. ज्या माणसाने बावीस हजार वेळा सिग्नल पाहून हात हलवला असेल, त्याने स्वतःच्या घरात तीन महिने सिग्नलकडे पाठ केली होती.

नोव्हेंबरच्या अखेरीला गाठीचा तुकडा तपासणीला गेला. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. रिपोर्ट यायचा होता तो आठवडा मी जवळजवळ झोपलो नाही. घरी पडलो की छताकडे बघत हिशेब: मुंबईला न्यावं लागलं तर कुठे राहायचं, मुलीची बारावी, पीएफमधून किती निघेल. त्या जागरणाला मी प्रार्थना म्हणत होतो. ओठांवर प्रभूचं नाव असायचं, डोक्यात आकडेमोड.

अशाच एका रात्री कॉल आला. लॉबीत सही करताना आपण ड्यूटीसाठी फिट आहोत, पुरेशी विश्रांती झाली आहे, हे लिहून द्यावं लागतं. मी लिहून दिलं. मनमाडच्या धान्यगोदामासाठी भरलेली मालगाडी, चाळीस-एक डबे. असिस्टंट पोरसवदा, नोकरीत दीड वर्ष झालेला. गोळे तोवर गेले होते, टोकनशिवाय चालणारे ब्लॉक आणि रंगीत दिव्यांचे सिग्नल आले होते. नियम असा की सिग्नल दिसला की असिस्टंटने तो मोठ्याने सांगायचा आणि ड्रायव्हरने स्वतः पाहून तोच परत उच्चारायचा.

श्रीगोंद्याच्या पुढे थंडी झोंबत होती. साठचा वेग. लांबवर दिवा दिसला. असिस्टंट म्हणाला, “डिस्टंट, यलो.”

मी म्हणालो, “डिस्टंट, ग्रीन.”

माझे डोळे उघडे होते. मी त्या दिव्याकडेच पाहत होतो. पण बायको टेबलावर झोपली आहे आणि वर मोठा दिवा आहे, असलं काहीतरी मला दिसत होतं. पोरगं एक श्वास थांबलं. मग “उस्ताद, यलो! यलो आहे!” असं ओरडलं आणि त्याचा हात माझ्या हाताच्या आधी ब्रेककडे गेला.

भरलेली मालगाडी लगेच थांबत नाही. ती आधी विचार करते, मग डब्यामागून डबा एकमेकांना धडका देत ती गोष्ट मागपर्यंत पोचते. डिस्टंटपासून होम सिग्नल निदान किलोमीटरभर पुढे असतो तो याचसाठी. आम्ही थांबलो तेव्हा होमचा लाल दिवा समोर होता, चार-पाच डब्यांच्या अंतरावर. आत लूपमध्ये एक पॅसेंजर क्रॉसिंगसाठी शिरत होती. तिच्या खिडक्यांचे पिवळे चौकोन हळूहळू सरकताना दिसले. बराच वेळ दोघंही बोललो नाही. मग पोराने थर्मासमधला चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला. माझा हात कापत होता म्हणून त्याने खालून धरून ठेवला.

नियमाच्या भाषेत काहीच झालं नव्हतं. सिग्नल ओलांडला नव्हता, गाडी वेळेत थांबली होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. नगरला मी लिहून दिलं की मी पुढे गाडी चालवायला फिट नाही, आणि का ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी लोको इन्स्पेक्टरने समोर बसवलं. मला वाटलं, आता चार्जशीट. ते म्हणाले, “इंजिनात बिघाड झाला तर बुकात लिहितोस ना? मग स्वतःचा बिघाड लिहायला एवढे दिवस का लावलेस?” आणि आठ दिवसांची रजा मंजूर केली.

आठ दिवसांत रिपोर्ट आला. गाठ वाईट होती. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, मग केमो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. हे वाक्य मी शिक्षा म्हणून ऐकलं आणि कृपा म्हणूनही.

त्या काळात पाळकसाहेब बायकोला भेटायला यायचे. एका संध्याकाळी त्यांनी पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. सातव्या वचनात पेत्र सांगतो की सगळी चिंता देवावर टाका, त्याला तुमची फिकीर आहे. लगेच आठव्यात सांगतो की सावध राहा, जागे राहा, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कुणाला गिळावं ते शोधत फिरतो आहे. मी म्हणालो, साहेब, हे दोन हुकूम एकमेकांना छेद देतात. टाकून मोकळं व्हायचं तर जागं कशाला राहायचं? आणि सिंह मोकळा फिरत असेल तर चिंता कशी टाकायची?

पाळकसाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, टाकणे हा शब्द. मूळ ग्रीकमधलं तेच क्रियापद लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येतं. यरुशलेमात शिरताना शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात आणि येशूला वर बसवतात. टाकलेलं वस्त्र मग आपल्या अंगावर राहत नाही, आणि ते फेकूनही दिलेलं नसतं. ते प्रभूच्या हाताखाली असतं. दुसरी गोष्ट, जागे राहा हा शब्द. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना नेमकं तेच सांगितलं होतं. आणि मार्काच्या शुभवर्तमानात तो झोपलेल्या पेत्राला त्याच्या जुन्या नावाने, शिमोन म्हणून हाक मारतो आणि विचारतो की तुला एक तासही जागं राहता आलं नाही का.

मी त्या रात्री प्रेषितांची कृत्यं काढून वाचलं. बाराव्या अध्यायात हाच पेत्र हेरोदाच्या तुरुंगात आहे. दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मध्ये, दारावर पहारा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला लोकांपुढे काढायचं ठरलेलं. याकोबाची मान नुकतीच गेली आहे. आणि पेत्र झोपलाय. इतका गाढ की देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागतं. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. बागेत जागायचं होतं तेव्हा हा माणूस झोपला. तुरुंगात झोप उडायला हवी होती तेव्हा हा घोरत पडला. दोन्ही झोपा त्याने अंगावर भोगल्या होत्या. म्हणून टाका आणि जागे राहा ही दोन वचनं तो शेजारी शेजारी लिहू शकला.

मला माझी रनिंग रूम आठवली. बाहेरगावी गाडी पोचवल्यावर आम्हाला तिथे झोपायला देतात. नवीन पोरं गप्पा मारत, पत्ते कुटत बसायची तेव्हा उस्ताद ओरडायचे, “झोपा! झोप ही पण ड्यूटी आहे.” ज्याने सेक्शनचा गोळा टाकला तोच झोपू शकतो, आणि जो झोपला तोच पुढच्या रात्री यलोला यलो म्हणू शकतो. पेत्राने सातवं वचन आठव्याच्या आधी का घातलं ते मला लोको लॉबीत कळलं. त्या डिसेंबरच्या रात्री मी टक्क जागा होतो आणि तरी बेसावध होतो. काळजीचं जागरण हे पहाऱ्यासारखं दिसतं, पण त्यातला पहारेकरी वेशीकडे पाठ करून घरातल्या भांड्यांचा हिशेब करत असतो.

आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर? तेव्हा माझ्या हातात गोळा होता आणि डोळे मिटलेले. गोळा समोरच्या गाडीची हमी देतो. रुळावर आलेल्या म्हशीची, उघड्या राहिलेल्या फाटकाची, गेटमनच्या लाल दिव्याची देत नाही. ते बघण्यासाठीच मला इंजिनात बसवलेलं असतं. उस्ताद गोळा मिळाल्यावर अधिक ताठ बसायचे. कारण आता रूळ त्यांचा होता.

सावध राहण्याचाही अतिरेक होतो, हे मी मंडळीत पाहिलं. काही घरांत ताप आला की सैतान, दूध नासलं की सैतान, सुनेने उलट उत्तर दिलं की सैतान. अशा ड्रायव्हरला मी ओळखतो. तो प्रत्येक सावलीला ब्रेक मारतो, गाडी रखडवतो आणि खरा लाल दिवा येतो तेव्हा थकून गेलेला असतो. पेत्राची ती माणसं आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांतांत विखुरलेली, नावं ठेवून घेणारी, छळ सोसणारी होती. त्यांना सिंहाची गर्जना रोज ऐकू येत असेल. माझा सिंह गर्जत नाही. माझा सिंह डुलकीसारखा येतो.

त्याची एक खूण सांगतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत इंजिनात एक यंत्र असायचं. मिनिटभर ड्रायव्हरने काही हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरी बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. छान सोय. पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की काही दिवसांनी हात ते बटण झोपेतही दाबायला शिकतो. बटण वेळच्या वेळी दाबलं जातं, यंत्र समाधानी, आणि माणूस तिथे नसतो. माझ्या कित्येक प्रार्थना तशा झाल्या आहेत. जेवणाआधी, झोपण्याआधी, वेळेवर, शब्दसुद्धा बरोबर. बटण दाबलं.

यावर उपाय म्हणून मी एक सवय लावून घेतली. सिग्नल जसा मोठ्याने उच्चारायचा, तशी काळजीसुद्धा रात्री नाव घेऊन मोठ्याने उच्चारायची. “बरं होऊ दे” असं मोघम नको. “उद्याचा रिपोर्ट.” “मुलीची फी.” “त्या माणसाशी मी बोललो ते चुकीचं बोललो.” जी उद्या मला करायची आहे ती गोष्ट वहीत लिहायची. जी माझ्या हातात नाही ती टाकायची. बायको हे सगळं पलीकडच्या खाटेवरून ऐकायची. केमोने तिचे केस गेले होते, डोक्याला ओढणी बांधलेली. उसातल्या गोळ्याची गोष्ट तिला पाठ होती. एका रात्री मी तेच ते तिसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, टाकलात ना एकदा? मग उसात शिरून परत का शोधताय?”

तेव्हापासून आमच्या घरात प्रार्थनेला गोळा टाकणं म्हणतात. मुलगी परगावी गेली, तिलाही फोनवर तसंच विचारतो. तिच्या सासरच्यांना वाटतं, आमच्याकडे काही खेळ आहे.

बायको ठीक आहे. दर डिसेंबरात तपासणी असते. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने ती स्वतः लिहिते आणि ती कधी चुकत नाही. पहिली काही वर्षं रिपोर्ट हाती येईपर्यंत माझ्या पोटात गोळा यायचा, आणि हा गोळा कुठल्या यंत्रात टाकायचा ते कळायचं नाही. आता तपासणीच्या आदल्या रात्रीही मी झोपतो. मी धीट झालो म्हणून नव्हे, टाकायची सवय झाली म्हणून.

कॉलबॉय येऊन दार ठोकण्याचे दिवस कधीच गेले, पण अंगाला वेळ माहीत आहे. रात्री दोनच्या सुमारास जाग येतेच. पूर्वी हीच आकडेमोडीची वेळ होती. आता उठून बसतो, चार नावं घेतो, चार गोष्टी टाकतो. मनमाडकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. ती कुणाच्या हातात आहे मला ठाऊक नसतं, तिच्या ड्रायव्हरसाठीही एक शब्द टाकतो. मग आडवा होतो.

अंधारातून आवाज येतो, “टाकलात का गोळा?”

“टाकला.”

“आणि मागच्या दाराची कडी?”

मी परत उठतो.